खिंडीलाही वापसा लागतो

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून अंकुशनगरच्या शिवारात कुणी लगेच पाभर धरत नाही. ओल्या काळ्या जमिनीत औत घातले तर फण चिखलाने भरतात, ढेकळे निघतात आणि बी कुजते. वरचा थर सुकावा, आत ओल टिकावी, मूठभर माती दाबून सोडली की ती भुसभुशीत सुटावी, तेव्हा वापसा आला असे म्हणायचे. परभणीचे कृषी विद्यापीठ दर वर्षी जूनमध्ये बजावते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. घाई करणाऱ्याच्या नशिबी दुबार पेरणी येते, हे अंबड तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण याच मराठवाड्यातला शिकलासवरला तरुण हिमालयातली बर्फाची खिंड ओलांडायला निघतो, तेव्हा हे शहाणपण घरी ठेवून निघतो. तो आभाळ बघून जात नाही, तारीख बघून जातो. कोणत्या दिवशी पहाटे खिंड चढायची, कोणत्या दिवशी पलीकडच्या गावात जेवायचे आणि कोणत्या दिवशी परतीच्या गाडीत बसायचे, हे दोन महिने आधी छापलेले असते. अशा ट्रेकमध्ये भीती कशाची, असे विचारले तर लोक हिमनदीतल्या भेगा, थंडी, विरळ हवा अशी नावे घेतात. ती खरीच आहेत. पण त्या सगळ्यांच्या तोंडी माणसाला नेऊन उभे करते ते कॅलेंडर, असे माझे मत आहे. म्हणून ज्या कार्यक्रमात दोन-तीन राखीव दिवस नाहीत, तो हिमखिंडीचा ट्रेक कुणी विकू नये आणि कुणी विकतही घेऊ नये, हे या लेखाचे म्हणणे.

आधी ही खिंड म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीत आपण घाट म्हणतो, नाळ म्हणतो, खिंड म्हणतो. तिकडे कुलू-चंब्यात जोत, गढवालात खाल, कुमाऊँत धुरा आणि लाहौल-स्पीतीपासून पुढे ला. शब्द बदलतात तशी जागाही बदलते. हिमाचलातली पिन-पार्वती खिंड सुमारे ५,३२० मीटरवर आहे. लुई डेन या इंग्रज अधिकाऱ्याने ती १८८४ मध्ये ओलांडल्याची नोंद आहे. बरशैणीच्या बाजूने खीरगंगा, मग टुंडा भुज, ठाकूर कुआँ असे करत माणूस मानतलाईच्या तळ्यापाशी पोचतो. वाटेत देवदार आणि भूर्ज संपतात, मग गवत संपते, मग नुसते दगड उरतात. त्यापुढे हिमनदी. ती ओलांडून पलीकडे उतरले की पिन खोऱ्यातले मुद गाव लागते. तिथे झाड म्हणावे असे काही नाही, कारण खिंडीच्या त्या अंगाला पाऊस जवळजवळ पोचतच नाही. शंभर किलोमीटरच्या आसपासची ही चाल, दहा-अकरा दिवसांची. गढवालातली कालिंदी खाल याहून उंच, सुमारे ५,९५० मीटर. गंगोत्रीहून गोमुख, नंदनवन, वासुकी ताल आणि पुढे हिमनद्यांवरूनच चालत बद्रीनाथच्या अंगाला माणा गावी उतरायचे. या वाटांवर मधे रस्ता नाही, दुकान नाही आणि अर्ध्यावर दुसरीकडे निसटायची सोय नाही. आलो त्या वाटेने मागे फिरणे किंवा खिंड ओलांडणे, एवढेच दोन पर्याय असतात. हरिश्चंद्रगडावर पाऊस वाढला तर खिरेश्वराला उतरता येते, पाचनईला उतरता येते. हिमखिंडीवर हा उदारपणा नाही.

हिमनदी ही वाहणारी वस्तू आहे, हे शाळेत शिकलेले असते पण पायाला पटलेले नसते. उतारावरून सरकताना तिच्यात खोल भेगा पडतात, ज्यांना ट्रेकर क्रेव्हास म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्यावर ताज्या हिमाचे पातळ छत असते. पहाटे गोठलेले असताना ते माणसाचे वजन पेलते, ऊन चढल्यावर पेलेलच असे नाही. म्हणून रात्री दोन-तीनला निघायचे, दोर बांधून एकामागे एक चालायचे आणि ऊन कडक व्हायच्या आत खिंड मागे टाकायची, असा तिथला रिवाज. नवे हिम पडले असेल तर त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट, कारण जुन्या थरावर नवा थर बसलेला नसतो आणि तो सुटून येतो. म्हणजे वादळ थांबले की निघालो, असेही चालत नाही. वादळ थांबावे, मग हिम बसावे, मग निघावे. शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको, हा वापसाच आहे.

दुसरा प्रश्न शरीराचा. गोदाकाठचे अंकुशनगर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. पाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्याच्या जवळपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. महाराष्ट्रात राहून पायांची ताकद कमावता येईल, दमसास वाढवता येईल, कात्रज ते सिंहगड रात्रीत चालून मन घट्ट करता येईल. रक्ताला विरळ हवेची सवय मात्र इथे लावता येत नाही. ती तिथे जाऊन, मुक्कामाची उंची हळूहळू वाढवत, मधूनमधून थांबतच लागते. तीन हजार मीटरच्या वर रोजची मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकीय दंडक आहे. तो मोडला की डोकेदुखी-मळमळीपासून सुरुवात होते आणि गोष्ट फुप्फुसात पाणी साठण्यापर्यंत किंवा मेंदूला सूज येण्यापर्यंत जाऊ शकते. हे विसाव्याचे दिवस वेगळे आणि मी म्हणतो ते राखीव दिवस वेगळे. विसावा शरीरासाठी, राखीव दिवस आभाळासाठी. जाहिरातीत बहुधा या दोहोंची सरमिसळ असते आणि एकच दिवस दोनदा मोजलेला असतो.

आता हे कॅलेंडर घडते कसे ते पाहू, कारण यात कुणी खलनायक नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस जालन्याला थांबते. उत्तराखंडात जाणारा दिल्लीत उतरतो, हिमाचलात जाणारा अंबाल्याला. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. तरी साठ दिवस आधी परतीची तारीख ठरवायचीच असते, आणि साठ दिवसांनंतरच्या सकाळी पाच हजार मीटरवर काय हवामान असेल हे सांगणारा अजून जन्मायचा आहे. नोकरीतली रजा हा दुसरा खुंटा. आपल्याकडचे बरेच ट्रेकर शिक्षक आहेत. त्यांना उन्हाळी सुटी मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. उंच हिमखिंडींवरचे हिम चालण्याजोगे होते ते साधारण तेव्हाच. मग जुलै-ऑगस्टमध्ये गढवालात पावसाळा आणि त्यानंतर सप्टेंबरची छोटी चांगली मुदत. ती ना उन्हाळी सुटीत बसते, ना दिवाळीत. साखर कारखान्यातल्या माणसाची गोष्ट याहून अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बॉयलर पेटला की गाळप संपेपर्यंत त्याला हलता येत नाही. थोडक्यात, खिंड जेव्हा मोकळी असते तेव्हा मराठी माणूस मोकळा नसतो, आणि तो मोकळा असतो तेव्हा हंगामाची एखादी काठाची तारीख त्याच्या वाट्याला येते. अशा काठाच्या तारखेला तर राखीव दिवसांची गरज दुप्पट. नेमके तिथेच ते कापले जातात, कारण रजा संपत आलेली असते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये काय झाले ते याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी दसरा १५ तारखेला, शुक्रवारी होता. हंगाम संपत आला होता, आकाश निवळ होते. १७ ते १९ ऑक्टोबर या तीन दिवसांत पश्चिमेकडून आलेला झंझावात आणि दक्षिणेकडून आलेली बाष्पाची लाट यांची गाठ पडली. कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर आणि पंतनगरला ४०३.२ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा आपल्या भाषेत सांगायचा तर मराठवाड्याचा निम्मा पावसाळा एका दिवसात कोसळला. खाली पाऊस म्हणजे वर हिम. गढवालातल्या हर्षिलहून किन्नौरच्या छितकुलला निघालेला एक गट सुमारे ५,२८० मीटरच्या लमखागा खिंडीपाशी अडकला. मागे राहिलेल्या ११ जणांपैकी दोघेच जिवंत हाती लागले. त्याच महिन्यात रोहडूच्या बाजूने बुरुआ गावाकडे, म्हणजे ट्रेकर ज्याला बुरान घाटी म्हणतात त्या वाटेवर, १३ जणांचा एक गट हिमात सापडला. त्यातले महाराष्ट्रातले तीन ट्रेकर थंडीने दगावले, बाकीचे दहा वाचले. बुरान घाटी सुमारे ४,५७० मीटर. पिन-पार्वतीच्या मानाने सोपी समजली जाणारी, हिमनदीचा फारसा जाच नसलेली. कुमाऊँत सुंदरढुंगाच्या खोऱ्यातही १७ ते १९ तारखेच्या वादळात ट्रेकर गेले. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा आधी दिला होता आणि चारधामचे यात्रेकरू जागोजागी थांबवले गेले होते. पण खिंडीकडे निघालेला माणूस एकदा शेवटचे गाव सोडून वर गेला की त्याला थांबवायला नाका नसतो.

या घटनांत कुणाचा दोष किती, हे ठरवायला मी बसलेलो नाही. गेलेल्यांविषयी घरबसल्या निवाडे देणे सोपे असते आणि बहुधा चुकीचेही. मला त्यातून एकच माप घ्यायचे आहे, वादळाच्या लांबीचे. ते तीन दिवस टिकले. २० तारखेपासून आभाळ उघडले, हेलिकॉप्टरे उडू लागली. इतक्या अघोरी वादळाची लांबीही तीन दिवसांची, म्हणजे तीन दिवस खाली तंबूत डाळ-भात खात, पत्ते खेळत काढायची सोय ज्याच्या कार्यक्रमात आहे त्याच्यापुरते ते वादळ एक कंटाळवाणी आठवण ठरते. हिमालयात जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारे पश्चिमी झंझावात बहुतेक वेळा दोन ते चार दिवसांचेच असतात. राखीव दिवस दोन-तीन असावेत, हे मी ज्या आधारावर म्हणतो तो आधार हा आहे. पंधरा दिवस वाट बघत बसा असे कुणी म्हणत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्त्रतालच्या वाटेवर तर प्रकरण याहूनही आखूड होते. २२ जणांचा गट, त्यात बहुतेक कर्नाटकातले आणि एक महाराष्ट्रातला. ३ जूनच्या दुपारी हवा फिरली, दिसेनासे झाले, आणि उघड्यावर काढलेल्या त्या वेळात नऊ जण गारठून गेले. ५ तारखेला बाकीच्यांची सुटका झाली तेव्हा हवा उडता येण्याजोगी होती.

हिमालयात शिखरे चढणारे गिर्यारोहक तारखेचे हे गणित वेगळ्या रीतीने करतात, आणि ती रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९९८ मध्ये हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण एव्हरेस्ट चढले, २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगावर. या मोहिमांच्या यशाच्या बातम्या आपण वाचतो, पण तळछावणीवर काढलेल्या आठवड्यांची बातमी कधी होत नाही. शिखरावर जायचा दिवस तिथे कुणी साठ दिवस आधी ठरवत नाही. वारा पडण्याची, चार दिवस निवळ मिळण्याची वाट बघतात आणि मग निघतात. वाट बघणे हा मोहिमेचा भाग, त्याचे पैसे आणि शिधा आधीच धरलेला. आता गंमत अशी की हिमखिंडीचा ट्रेकर त्याच जातीच्या हिमनदीवरून, तसाच दोर बांधून, त्याच पहाटेच्या वेळी चालतो, पण त्याच्याकडे थांबायला एक दिवस नसतो. शिखराला ‘मोहीम’ म्हणायचे आणि खिंडीला ‘ट्रेक’, या नावातच घोटाळा आहे. ट्रेक म्हटले की सहलीचे गणित लागू होते: इतक्या रात्री, इतके दिवस, इतके रुपये, सर्व खर्चासह.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आता हवामानाचा अंदाज चांगला मिळतो, मोबाइलवर तासातासाचा मिळतो, मग रिकामे दिवस कशाला बांधून ठेवायचे? अंदाज सुधारले आहेत हे खरे. पण अंदाज कळणे आणि अंदाजानुसार वागता येणे यांत फरक आहे. चौथ्या दिवशी मोबाइलची रेंज संपते. उपग्रह फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, परदेशी नागरिकांना त्यासाठी अटकही झालेली आहे. सीमेलगतच्या भागात हा निर्बंध का आहे ते समजण्यासारखे असले, तरी परिणाम असा की दहा दिवसांच्या ट्रेकवरचा गट नेमक्या खिंडीच्या दिवशी चार-पाच दिवस जुन्या अंदाजावर चालतो. आणि समजा अंदाज कळला, उद्या वादळ आहे हे पक्के झाले, तरी ज्याच्याजवळ परवाचा दिवसच नाही तो त्या माहितीचे काय करणार? ती त्याला फक्त अधिक घाबरवील. माहितीला किंमत येते ती थांबायची मुभा असली तर.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. मराठवाड्यातल्या पोराने वर्षभर पैसे साठवून हिमालय गाठायचा, त्यात दोन-तीन दिवस वाढवले की खर्च वाढणार, रजा वाढणार, मग हा छंद पुन्हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू लोकांपुरता उरणार. हे अगदीच खोटे नाही. पण रेल्वेभाडे, बूट, जाकीट, परवाने, जीपगाड्या हा खर्च दिवसांवर अवलंबून नसतो. वाढतो तो शिध्याचा आणि वाटाडे-पोर्टरांच्या मजुरीचा. दहा दिवसांच्या कार्यक्रमात दोन दिवस वाढले तर एकूण खर्च पाचव्या हिश्शानेही वाढत नाही. खरी मेख दुसरीकडे आहे. काही आयोजक ‘बफर डे’ लिहितात, पण शेजारी अशी अट घालतात की तो वापरावा लागला तर माणशी इतके जादा पैसे द्यावे लागतील. याचा अर्थ, बाहेर हिम पडत असताना, तंबूत अवघडून बसलेल्या, डोके ठणकत असलेल्या बारा अनोळखी माणसांनी मत द्यायचे की थांबायला पैसे भरायचे की नाही. निर्णय घ्यायला याहून वाईट जागा आणि याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. व्यवहार उलटा हवा. राखीव दिवसांचे पैसे आधीच घ्यावेत आणि दिवस वापरले गेले नाहीत तर वाटाड्या-पोर्टरांची ठरलेली मजुरी कापून उरलेले परत द्यावेत. मग थांबणे फुकट आणि घाई केली तर थोडे परत, अशी पाळी येते. त्या थोड्या पैशांसाठी वादळात शिरणारा विरळा. पैसा गुंतला की पाय मागे वळत नाहीत, हे ऊसपट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोड टोळीने घेतलेली आगाऊ उचल नेमके हेच काम करते. रजेचा प्रश्न उरतो. त्यावर माझे उत्तर थोडे कडू आहे: बारा दिवसांची रजा मिळत नसेल तर आठ दिवसांत होणारी, हिमनदी नसलेली वाट निवडावी. हिमालयात त्यांची वाण नाही.

तिसरा आक्षेप मनाच्या खोल कप्प्यातून येतो आणि तो फारसा बोलून दाखवला जात नाही. खिंड म्हटले की मराठी माणसाला पावनखिंड आठवते, माघार म्हटले की लाज वाटते, सिंहगडावरचे ‘दोर कापले आहेत’ हे वाक्य आपण लहानपणी पाठ केलेले असते. म्हणून खिंडीखालून परत आलेला ट्रेकर गावात तोंड लपवतो आणि अर्धवट ट्रेकचे फोटो टाकत नाही. पण १३ जुलै १६६० ची ती झुंज कशासाठी होती ते नीट आठवावे. बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले ते शिवाजी महाराजांना विशाळगड गाठायला वेळ मिळावा म्हणून. आणि महाराज पन्हाळ्याहून निघाले होते ते वेढा अंगावर घेण्यापेक्षा निसटणे बरे, हे जोखून, पावसाळ्यातली अंधारी रात्र निवडून. पाच वर्षांनी पुरंदरला त्यांनी २३ किल्ले देऊन तह केला आणि पुढे वेळ येताच ते परत घ्यायला सुरुवात केली. वेळ ओळखणे आणि वेळ येईपर्यंत थांबणे हा त्यांच्या युद्धनीतीचा कणा होता. तो सोडून आपण फक्त दोर कापल्याची गोष्ट उचलली. शिवाय सिंहगडावर समोर शत्रू होता. हिमनदी कुणाची शत्रू नाही; तिला हरवता येत नाही आणि तिच्यापुढे हरण्यात कमीपणाही नाही.

मग राखीव दिवस ठेवले की अपघात थांबतील का? नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा गट ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराजवळ हिमप्रपातात सापडला आणि २९ जण गेले. त्यात प्रशिक्षणार्थी होते तसेच अनुभवी प्रशिक्षकही होते, साधने होती, संस्था देशातली नामांकित. तिथे दोन दिवस जास्त असते तर काही वेगळे झाले असते, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोंगरावरचा काही धोका कशानेच जात नाही आणि तो पत्करायचा हक्क प्रौढ माणसाला आहेच. तो काढून घेणारे, प्रत्येक खिंडीवर शिपाई बसवणारे नियम मला नको आहेत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला तो गवताच्या रक्षणासाठी. हेतू चांगला होता, पण सरसकट बंदीने वाटा आडबाजूला सरकतात, हेही त्यानंतर बोलले गेले. माझे म्हणणे बंदीचे नाही. वादळ आले तर थांबता येईल, एवढी फट कार्यक्रमात असावी, इतकेच. आणि ती फट पूर्वीपेक्षा आता जास्त लागणार आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांची झीज २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाली. जिथे दहा वर्षांपूर्वी जूनअखेर घट्ट हिम असे, तिथे आता उघड्या भेगा किंवा सुटे दगड भेटू शकतात; वाट शोधायला अर्धा दिवस जास्त जातो. जुन्या पुस्तकातल्या मुक्कामांच्या याद्या तशाच उतरवून कार्यक्रम छापणे म्हणजे गेल्या पिढीच्या पंचांगावर पेरणी करणे आहे.

महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवेतल्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे आणि विमा असावा, अशी त्याची मांडणी. पण त्याचा रोख राज्याच्या हद्दीतल्या उपक्रमांवर आहे, आणि महाराष्ट्रातून विकले जाणारे हिमालयातले ट्रेक दुसऱ्या राज्याच्या हद्दीत घडतात. विक्री इथे, जबाबदारी तिथे. नोंदणीची एक साधी अट यात बदल घडवू शकते: राज्यात जाहिरात करणाऱ्या आयोजकाने ४,५०० मीटरवरच्या कोणत्याही खिंडीच्या कार्यक्रमात राखीव दिवस किती, खिंडीखालून मागे फिरायची वेळ कोणती आणि मागे फिरल्यास पैसे किती परत, हे दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, निरीक्षक लागत नाही, खिंडीवर कुणी जाऊन बघावेही लागत नाही. गिर्यारोहण संस्थांच्या महासंघाने ठरवले तर सरकारची वाट न बघताही हे होऊ शकते. जो छापणार नाही त्याच्याकडे का जायचे, हे मग गिऱ्हाइकानेच ठरवायचे आहे.

तोवर अंकुशनगर, शहागड, अंबड, घनसावंगीकडून यंदा हिमालयात निघणाऱ्यांना एवढेच सांगणे. पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन लावा आणि राखीव दिवस किती, असे विचारा. ‘आमच्याकडे त्याची गरज पडत नाही’ असे उत्तर आले, तर आरक्षण रद्द करू नका, सचखंडने निघाच. फक्त अंबाल्याला उतरू नका. गाडी पुढे अमृतसरपर्यंत जाते, आणि तिथले सुवर्णमंदिर बारा महिने, कोणत्याही हवेत उघडे असते.